विश्लेषण : बीटलच्या इंजिनाचा ‘ताप’ मोजणारी तार आणि थॉमस सीबेक यांची दोनशे वर्षांपूर्वीची चूक

गाडी तापली की डॅशबोर्डवरचा काटा लाल रेघेकडे सरकतो, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण ज्या गाडीत रेडिएटर नाही आणि पाणीही नाही, तिथे हा काटा जोडायचा कशाला? जुन्या फोक्सवॅगन बीटलसारख्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाड्या सांभाळणाऱ्यांपुढे हा प्रश्न असतो. त्याचे उत्तर म्हणजे स्पार्क प्लगखाली बसणारी एक धातूची कडी आणि तिच्यातून निघणाऱ्या दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा. या जोडीमागचे तत्त्व १८२१ मध्ये बर्लिनमध्ये थॉमस योहान सीबेक यांना सापडले. मात्र आपल्याला काय सापडले आहे, याबाबत ते अखेरपर्यंत चुकीच्या समजुतीत राहिले. गेज निवडताना आजही होणारी सर्वांत मोठी चूक याच शोधाच्या एका अंगाकडे दुर्लक्ष केल्याने होते. म्हणून गेज आणि सीबेक या दोघांची ही एकत्र ओळख.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वेगळा गेज कशासाठी?

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी सगळीकडे फिरते. एका ठिकाणी सेन्सर बसवला तरी इंजिनाची एकूण अवस्था कळते. बीटलमध्ये तसे नाही. मागच्या बाजूला चार सिलिंडरचे इंजिन, दोन-दोन सिलिंडर समोरासमोर आडवे आणि वर पत्र्याच्या खोक्यात पंखा, अशी रचना असते. हा पंखा जनरेटरच्याच दांड्यावर बसलेला असून पट्ट्याने फिरतो. पट्टा तुटला तर चार्जिंगचा दिवा लागतो. मूळ गाडीत इंजिन तापण्याची सूचना मिळते ती जवळपास एवढीच.

पण पट्टा शाबूत असतानाही इंजिन तापू शकते. पत्र्याच्या आवरणातील फटीतून हवा बाहेर गेली, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी आणि हवा जास्त गेली किंवा इग्निशनचे टायमिंग पुढे सरकले, तर दिवा लागत नाही. सिलिंडर हेड मात्र तापत राहते. हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. फार तापले की ते मऊ पडते, व्हॉल्व्हच्या बैठका सैल होतात, भेगा पडतात. ऑइलच्या तापमानाचा गेज उपयोगी असला तरी तो उशिरा बोलतो. बोरघाट चढताना हेडचे तापमान काही मिनिटांत वर जाते, ऑइलला तेवढे तापायला बराच वेळ लागतो. म्हणून हेडचे तापमान थेट हेडवरच मोजावे लागते. त्यासाठी बहुतेक वेळा वापरले जाते ते थर्मोकपल, म्हणजे सीबेक यांची दोन धातूंची जोडी.

थॉमस सीबेक कोण होते?

सीबेक यांचा जन्म ९ एप्रिल १७७० रोजी रेव्हाल शहरात झाला. बाल्टिक समुद्राकाठचे हे बंदर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते टालिन म्हणून ओळखले जाते आणि एस्टोनियाची राजधानी आहे. जर्मन भाषक सधन व्यापाऱ्याच्या घरात वाढलेले सीबेक वयाच्या सतराव्या वर्षी वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी घराबाहेर पडले. बर्लिन आणि ग्योटिंगेन येथे त्यांचे शिक्षण झाले. १८०२ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्रातील पदवी दिली.

डॉक्टर झाले, पण दवाखान्यात त्यांचे मन रमले नाही. घरचा पैसा हाताशी असल्याने रुग्ण तपासून पोट भरण्याची गरज नव्हती. त्यामुळे त्यांनी भौतिकशास्त्राचे प्रयोग करण्याचे ठरवले. कोणत्याही विद्यापीठात नोकरी न करता, स्वतःच्या खर्चाने उपकरणे जमवून त्यांनी पुढची अनेक वर्षे काम केले. त्या काळात असे स्वतंत्र संशोधक युरोपात बरेच होते. सीबेक यांची चिकाटी मात्र विशेष होती. एखादा परिणाम दिसला की शक्य तितक्या पदार्थांवर तो पुन्हा पुन्हा तपासायचा, ही त्यांची पद्धत. हीच पद्धत पुढे त्यांच्या कामी आली.

गटे यांच्याशी संबंध कसा आला?

१८०२ ते १८१० या काळात सीबेक येना शहरात राहिले. लहानसे हे विद्यापीठाचे गाव तेव्हा जर्मन विचारविश्वाचे केंद्र बनले होते. तत्त्वज्ञ हेगेल आणि शेलिंग, भौतिकशास्त्रज्ञ योहान रिटर यांच्याशी सीबेक यांचा परिचय झाला. जवळच्या वायमार शहरात कवी गटे राहत होते. गटे तेव्हा रंगांचा सिद्धान्त मांडण्यात गढले होते. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात, हे न्यूटन यांचे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. प्रयोगांसाठी त्यांना सीबेक यांच्यासारखा काटेकोर माणूस हवा होता.

लोलकातून पडणाऱ्या वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांत उष्णता किती असते, याच्या मोजण्या सीबेक यांनी केल्या. सिल्व्हर क्लोराइडवर रंगीत प्रकाश पडल्यास त्याचा रंग बदलतो आणि तो काहीसा पडलेल्या प्रकाशासारखाच होतो, हेही त्यांनी नोंदवले. छायाचित्रणाचा शोध अद्याप लागायचा होता, रंगीत छायाचित्र तर फारच दूर होते. त्या वाटेवरची ही अगदी सुरुवातीची नोंद मानली जाते. गटे यांचा रंगांवरील ग्रंथ १८१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सीबेक यांचे कामही समाविष्ट होते.

पुढे न्यूरेंबर्गमध्ये असताना दाब बसलेल्या किंवा तापवून झटकन थंड केलेल्या काचेतून ध्रुवित प्रकाश पाहिल्यास रंगीत आकृत्या दिसतात, हे त्यांना आढळले. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये डेव्हिड ब्रूस्टर हेही या विषयावर काम करत होते. या कामासाठी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने सीबेक यांना पारितोषिक दिले. यंत्राच्या भागावर ताण कुठे एकवटतो, हे पारदर्शक प्रतिकृतीतील रंगांवरून पाहण्याची पद्धत याच परिणामावर उभी आहे. १८१८ मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले आणि ते बर्लिनला आले. न्यूटनविरोधी बाजू सीबेक बर्लिनमध्ये ठामपणे मांडतील, ही गटे यांची अपेक्षा पूर्ण झाली नाही. दोघांतील जिव्हाळा हळूहळू ओसरला.

१८२१ मध्ये नेमके काय दिसले?

त्याआधी एक मोठी घटना घडली होती. १८२० मध्ये डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओरस्टेड यांनी विजेच्या तारेजवळ ठेवलेली होकायंत्राची सुई हलते, हे दाखवले. दहावीच्या विज्ञानात भेटणारे ओरस्टेड ते हेच. युरोपभर या प्रयोगाची पुनरावृत्ती सुरू झाली. सीबेकही कामाला लागले.

तेव्हा वीज मिळण्याचे मुख्य साधन व्होल्टा यांची घटमाला होते. त्यात दोन धातू आणि मध्ये आम्लाचा किंवा मिठाच्या पाण्याचा ओलावा असे. ओलाव्याशिवाय फक्त दोन धातू जोडले तर काय होईल, हे सीबेक तपासत होते. बिस्मथ आणि तांबे यांचे बंद वेटोळे करून त्यांनी त्यात होकायंत्र ठेवले. एक सांधा हाताने दाबून धरला असता सुई हलली. सुई हलण्याचे कारण हाताचा ओलावा नसून हाताची ऊब आहे, हे त्यांच्या लक्षात आले. मग सांधा तापवून पाहिला, तर सुई अधिक हलली. दुसरा सांधा थंड केला, तरीही परिणाम वाढला. दोन्ही सांधे सारखेच गरम असतील, तर मात्र सुई जागची हलत नव्हती.

म्हणजे परिणाम दिसायला उष्णता पुरेशी नव्हती, दोन सांध्यांच्या तापमानांत फरक असावा लागत होता. सीबेक यांनी हे नेमके टिपले. १८२१ पासून त्यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे आपले काम मांडायला सुरुवात केली आणि पुढची दोन वर्षे अनेक धातू, मिश्रधातू आणि खनिजे तपासली. कोणता धातू कोणाशी जोडला की सुई कोणत्या बाजूला आणि किती वळते, याचा क्रम त्यांनी लावला. बिस्मथ एका टोकाला आणि अँटिमनी दुसऱ्या टोकाजवळ, अशी ही यादी. प्रयोग म्हणून तिच्यात खोट काढायला फारशी जागा नव्हती.

मग चूक कोणती?

चूक अर्थ लावण्यात होती. सुई हलली म्हणजे चुंबकत्व निर्माण झाले, असा सरळ निष्कर्ष सीबेक यांनी काढला. तापमानातील फरकामुळे धातूंमध्ये थेट चुंबकीय ध्रुव तयार होतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या शोधनिबंधाचे शीर्षकही तापमानभेदाने धातू आणि खनिजांमध्ये येणारे चुंबकीय ध्रुवण, अशा अर्थाचे आहे.

या समजुतीला कारणे होती. ॲमीटर तेव्हा नव्हता. हाताशी होती ती होकायंत्राची सुई, आणि सुईला फक्त चुंबकत्व कळते. शिवाय वीज म्हटली की ओलावा आणि रसायने, ही त्या पिढीची ठाम कल्पना होती. इथे तर सगळे कोरडे होते.

ओरस्टेड यांनी मात्र वेगळा विचार केला. तापमानातील फरकामुळे वेटोळ्यात विजेचा प्रवाह वाहतो आणि त्या प्रवाहामुळे सुई हलते, असे त्यांनी सांगितले. वेटोळे एका जागी तोडले की परिणाम थांबतो, प्रवाहाचे लक्षण हेच. १८२३ मध्ये पॅरिसमध्ये ओरस्टेड आणि गणितज्ञ फूरिये यांनी अशा अनेक जोड्या एकापुढे एक जोडून परिणाम वाढतो, हे दाखवले. या घटनेला विद्युत आणि उष्णता सुचवणारे नाव दिले ते ओरस्टेड यांनी. तेच आज वापरात आहे.

सीबेक यांनी ते नाव स्वीकारले नाही. त्यांची नजर दुसरीकडेच होती. पृथ्वीचे विषुववृत्त उष्ण आणि ध्रुव थंड, मग पृथ्वीचे चुंबकत्व याच तापमानभेदातून येत असावे, असा त्यांचा कयास होता. आपल्या वेटोळ्यात त्यांना पृथ्वीची छोटी प्रतिकृती दिसत होती. विजेचा प्रवाह मान्य केला असता तर ही मोठी कल्पना कोसळली असती. पृथ्वीचे चुंबकत्व तिच्या बाह्य गाभ्यातील वितळलेल्या लोहाच्या हालचालीतून येते, हे पुढे विसाव्या शतकात स्पष्ट झाले.

या हट्टाची किंमत काय?

सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ अब्राम योफे यांनी विसाव्या शतकात एक गोष्ट लक्षात आणून दिली. सीबेक यांनी तपासलेल्या पदार्थांतील सर्वांत योग्य जोडी वापरली असती, तर उष्णतेपासून सुमारे तीन टक्के कार्यक्षमतेने वीज मिळाली असती. त्या काळातील वाफेच्या इंजिनांशी याची तुलना होऊ शकली असती. तीही यंत्राचा एकही भाग न फिरवता. डायनॅमोचा शोध लागायच्या आधी वीजनिर्मितीचे एक साधन हाताशी होते. पण ज्याच्याकडे पदार्थांची यादी होती, तो वीज शोधतच नव्हता.

दुसऱ्या एका शिक्षकाने मात्र याच जोडीचा उपयोग करून घेतला. कलोनच्या शाळेत शिकवणारे जॉर्ज ओहम तारेतील प्रवाह आणि विभवांतर यांचा संबंध शोधत होते. घटमालेची वीज सतत कमीजास्त होत असल्याने मोजण्या बिघडत होत्या. पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने पक्की झाल्याने विभवांतरही पक्के झाले आणि त्यातून १८२६ मध्ये ओहमचा नियम आला. गरम सांध्याइतकेच लक्ष थंड सांध्याकडेही द्यावे लागते, हे ओहम यांनी व्यवहारात दाखवून दिले. आजच्या गेजसाठीही हाच मुद्दा कळीचा आहे.

सीबेक यांची अखेरची वर्षे कशी गेली?

बर्लिनमध्ये ते अकादमीचे काम आणि प्रयोग करत राहिले. मुलगा ऑगस्ट भौतिकशास्त्रज्ञ झाला आणि ध्वनी या विषयात नावारूपाला आला. कान सूर कसा ओळखतो, या प्रश्नावर १८४० च्या दशकात ऑगस्ट सीबेक यांचा ज्यांच्याशी वाद झाला, ते हेच जॉर्ज ओहम.

१८३१ मध्ये बर्लिनमध्ये कॉलऱ्याची साथ होती. येनापासूनचे मित्र हेगेल १४ नोव्हेंबरला गेले. त्यानंतर महिन्याभरातच, १० डिसेंबर १८३१ रोजी सीबेक यांचे निधन झाले. वय ६१. पुढच्या मार्चमध्ये गटेही गेले. तीनच वर्षांनी, १८३४ मध्ये फ्रान्सच्या जाँ पेल्तिए यांना याच परिणामाची उलट बाजू दिसली. दोन धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक सांधा थंड होतो. हा शोध पाहायला सीबेक असते, तर कदाचित त्यांनी आपले मत बदलले असते. पण ही संधी त्यांना मिळाली नाही.

ही जोडी इंजिनापर्यंत कशी पोहोचली?

१८८० च्या दशकात फ्रान्सचे आंरी ल शातलिए यांनी प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमची जोडी वापरून भट्टीचे तापमान खात्रीने मोजता येते, हे दाखवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रोमेल आणि ॲल्युमेल हे निकेलचे मिश्रधातू आले आणि जोडी स्वस्त झाली. हवेने थंड होणाऱ्या विमानांच्या इंजिनांत सिलिंडर हेडचे तापमान वैमानिकाला दिसणे गरजेचे होते. तिथे थर्मोकपल रूढ झाले आणि तेथून ते मोटारींच्या हौशी मालकांकडे आले.

आपल्याकडे ही जोडी घराघरांत आहे. गॅस गिझरची ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो, तो अनेक गिझरमध्ये थर्मोकपलमुळेच. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाचे तापमान याच तत्त्वावर मोजले जाते. १९७७ मध्ये सोडलेली व्हॉयेजर याने आजही प्लुटोनियमच्या उष्णतेतून जी वीज मिळवतात, तीही सीबेक परिणामातूनच.

गेज निवडताना पहिला प्रश्न कोणता विचारावा?

‘थंड टोकाची भरपाई आहे का?’ हा. कारण थर्मोकपल तापमान मोजत नाही, दोन टोकांच्या तापमानांतील फरक मोजते. स्पार्क प्लगखालची कडी हे गरम टोक. थर्मोकपलची तार जिथे संपते आणि साधी तांब्याची तार सुरू होते, ते थंड टोक.

एक उदाहरण पाहू. स्वस्त आणि भरपाई नसलेला गेज, थंड टोक २५ अंश सेल्सिअसवर असेल असे गृहीत धरून आखलेला असतो. हेड २०० अंशांवर आहे. क्रोमेल-ॲल्युमेलची जोडी दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट देते. म्हणजे १७५ अंशांच्या फरकाला सुमारे ७ मिलिव्होल्ट. काटा २०० दाखवेल, सगळे ठीक. आता हीच तार इंजिनाच्या खोलीतच संपते आणि तिथली हवा ६५ अंशांवर आहे, असे समजा. फरक उरला १३५ अंशांचा. काटा सुमारे १६० दाखवेल. इंजिन जितके तापेल, तितकी त्या खोलीतील हवाही तापेल आणि गेज तितकेच खोटे धीर देत राहील. विदर्भातील ४५ अंशांच्या दुपारी तर तार डॅशबोर्डपर्यंत आणली तरी २० अंशांची चूक आधीच झालेली असते.

चांगला इलेक्ट्रॉनिक गेज स्वतःच्या जोडणीपाशी तापमान मोजतो आणि ते हिशेबात धरतो. मात्र त्यासाठी थर्मोकपलची तार थेट गेजपर्यंत आली पाहिजे. बीटलमध्ये इंजिन मागे आणि डॅशबोर्ड पुढे असतो, त्यामुळे तार लांब लागते. ती आधीच मोजून घ्यावी.

तारांबाबत कोणती काळजी घ्यावी?

पहिली गोष्ट प्रकाराची. बाजारात मुख्यतः दोन जोड्या मिळतात. ‘के’ प्रकार म्हणजे क्रोमेल-ॲल्युमेल आणि ‘जे’ प्रकार म्हणजे लोखंड-कॉन्स्टंटन. ‘जे’ जोडी दर अंशाला अधिक व्होल्टेज देते. ‘जे’साठी आखलेल्या गेजला ‘के’ कडी लावली, तर २०० अंशांवरचे हेड सुमारे १६० दाखवले जाते. कडी आणि गेज एकाच प्रकारचे हवेत.

दुसरी गोष्ट लांबीची. बॅटरीशिवाय, थेट थर्मोकपलच्या विजेवर चालणारे काट्याचे गेज ठरावीक रोधाच्या तारेसाठीच आखलेले असतात. अशी तार कापू नये, वाढवू नये. उरली तर सैल वेटोळे करून ठेवावी. इलेक्ट्रॉनिक गेजची तार वाढवता येते, पण त्याच प्रकारच्या थर्मोकपल तारेने. मध्ये घरातली तांब्याची तार जोडली की थंड टोक तिथेच आले.

तिसरी गोष्ट रंगाची. गाडीच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे धन, हे मेकॅनिकच्या हातात बसलेले असते. अमेरिकी पद्धतीच्या थर्मोकपल तारांत लाल ही ऋण असते. ‘के’ प्रकारात पिवळी धन आणि लाल ऋण, ‘जे’ प्रकारात पांढरी धन आणि लाल ऋण. युरोपीय पद्धतीचे रंग पुन्हा वेगळे. सोबतचा कागद वाचल्याशिवाय जोडणी करू नये.

कडी कोणत्या सिलिंडरवर बसवावी?

एकच कडी असेल तर बीटलमध्ये तिसऱ्या सिलिंडरवर. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या खोक्यातच उभा असतो आणि डाव्या बाजूच्या पुढच्या, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची हवा अडवतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कूलर बाजूला हलवण्यात आला, तेव्हा ही अडचण कमी झाली. शक्य असल्यास चारही सिलिंडरवर कडी लावून निवडक बटणाने एकेक पाहावे. एकाच सिलिंडरचे तापमान वेगळे दिसले, तर बिघाड कुठे आहे तेही कळते.

कडी स्पार्क प्लगच्या मापाची, बीटलसाठी १४ मिलिमीटरची असावी. अनेक गेजमध्ये प्लगचा मूळ वॉशर काढून त्याजागी कडी बसवायला सांगितलेले असते. दोन्ही एकत्र बसवले तर प्लग पूर्ण आत जात नाही. प्लग आवळताना कडी फिरू देऊ नये, तार मुळाशीच तुटते. पत्र्यातून तार नेण्यासाठी पाडलेले छिद्र रबराने बंद करावे, नाहीतर खालची गरम हवा वर येते.

काट्याची पट्टी किमान ३०० अंशांपर्यंतची असावी. प्लगखाली मोजल्यास साधारण १५० ते २०० अंशांच्या आसपास चालणारे इंजिन ठीक समजले जाते आणि २३० च्या पुढे बहुतेक अनुभवी मालक वेग कमी करतात. पण कडी, तिची जागा आणि गेज यांनुसार आकडा बदलतो. त्यामुळे इंजिन नीट चालत असताना सपाट रस्त्यावर, घाटात आणि गर्दीत काटा कुठे असतो, याची वहीत नोंद ठेवावी. त्या नोंदीपेक्षा काटा २०-३० अंश वर दिसू लागला, की कारण शोधावे.

बसवण्यापूर्वी घरी तपासता येईल का?

येईल. तार गेजला जोडून कडी उकळत्या पाण्यात धरावी. समुद्रसपाटीवर काटा १०० अंशांवर यायला हवा. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांवरच उकळते, तेवढी सूट द्यावी. त्यानंतर कडी उकळत्या पाण्यातच ठेवून थंड टोकाची जोडणी केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करावी. काटा जागेवर राहिला तर गेजमध्ये भरपाई आहे. काटा खाली आला तर नाही, आणि ती चूक प्रत्येक वेळी मनात मिळवावी लागेल. सांधा गरम केला की सुई हलते, हे सीबेक यांनी सांगितले. दुसऱ्या सांध्याचे तापमानही तितकेच महत्त्वाचे, हेही त्यांनीच टिपून ठेवले होते. त्यांनी लावलेला अर्थ मागे पडला, पण मोजण्या खऱ्या ठरल्या. म्हणूनच त्यांनी कधीही न मानलेल्या विद्युत परिणामाला आज जगभर त्यांचेच नाव आहे.